भाऊबीजेची पेस्ट्री

भाऊबीजेच्या सकाळी राहीबाई अंघोळ उरकून स्वयंपाकघरात आल्या, तेव्हा त्यांच्या मोठ्या कुकरात मीठ भाजत होतं. नुसतं मीठ. कुकरची रिंग खिडकीच्या गजाला अडकवलेली, शिट्टी चमच्यांच्या डब्यात पडलेली, आणि शेजारी त्यांची सून माया पातेल्यात काहीतरी काळंकुट्ट घोटत उभी.

"काय शिजवतीयास गं? मीठ?"

"ओव्हन केलाय, आई. खरा ओव्हन सांगलीच्या फ्लॅटवर राहिला. मीठ तापलं की आत डबा ठेवायचा, वर झाकण. लय सोपं असतंय."

"आणि माझा कुकर?"

"त्याला काय होत नाही."

"त्याला काय हुतंय न् काय न्हाई ते तुला काय ठावं? माझ्याकडं तुज्या आदीपास्नं हाय त्यो."

पण वाकून बघितल्याशिवाय त्यांना राहवलं नाही. ज्वारीचं पीठ, थोडी कणीक, दही, भिजवून वाटलेला खजूर, कोकोची भुकटी, जरासं तेल, चिमूटभर सोडा. लोणी नाही, अंडं नाही, मैदा नाही. साखर म्हणाल तर चिमणीच्या चोचीत मावेल एवढी. वर लावायला क्रीम नाही, रात्री फडक्यात बांधून टांगलेला चक्का, त्यातही तीच काळी भुकटी. ही म्हणे चॉकलेट पेस्ट्री. दिवाळीत सगळं गाव तुपातेलात पोहत असताना राहीबाईंच्या घरात हलकं खायला शिजत होतं.

मायाचं पोटपाण्याचं कामच ते होतं. मिरजेच्या एका इस्पितळात ती आहारतज्ज्ञ होती; कुणी काय खायचं नाही, हे सांगायचा तिला पगार मिळायचा. गावात तिला 'उपाशी डॉक्टरीण' म्हणत. जतकडच्या मेंढपाळाची ही मुलगी. राहीबाईंचा मुलगा जयराज एका दोस्ताला बघायला त्या इस्पितळात गेला, दोस्त बरा होऊन घरी गेला, तरी जयराजच्या मिरजेच्या फेऱ्या काही थांबल्या नाहीत. पुढचं सगळं रामायण होऊन गेलं होतं. त्याचे वडील हंबीरराव मुलाच्या लग्नाला उभे राहिले, पण परेडला उभं राहावं तसे: छाती पुढं, हनुवटी वर, नजर कुणाकडंच नाही.

आणि तेव्हापासून त्यांनी सुनेच्या हातचा घास तोंडात घातला नव्हता. आरडाओरडा नाही, शिवीगाळ नाही. फौजेतून सुबेदार होऊन आलेला माणूस, सगळं शिस्तीत. मायानं ताटली पुढं केली की ते म्हणत, "मला शुगर हाय." शिऱ्याला म्हणत, ते ठीक. तिखट पोह्यांनाही तेच म्हणत. एकदा तर तिनं आणलेल्या पाण्याच्या तांब्यालाही म्हणाले होते. डॉक्टरांनी त्यांची शुगर काठावर आहे एवढंच सांगितलं होतं. पण त्या काठावर हंबीररावांनी पक्का मोर्चा बांधला होता.

राहीबाई या भानगडीत कुणाच्याच बाजूच्या नव्हत्या. निदान दिसायला. खरी गोष्ट वेगळी होती आणि ती त्यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती.

झालं होतं असं, की आखाडात जयराज-माया सुट्टीला आली तेव्हा राहीबाईंचं मनगट दुखत होतं. मटण मायानं केलं. राहीबाईंनी ते वाढलं. वाढताना 'हे सूनबाईनं केलंय' म्हणायला तोंड उघडलं, तोच हंबीरराव नळी चोखून म्हणाले, "राही, आज तुज्या हाताला काय झालंय? असलं मटण मी उभ्या जल्मात खाल्लं न्हाई." राहीबाईंचं लग्न होऊन जयराज झाला, तिशीला आला, तेवढ्या काळात या माणसानं त्यांच्या स्वयंपाकाला 'बरं हाय' च्या वर बढती दिली नव्हती. राहीबाईंनी उघडलेलं तोंड तसंच मिटलं. मनगट दुखायचं थांबलं, पण मुलं आली की ते पुन्हा दुखू लागायचं. भरली वांगी, पिठलं, कोंबडीचा रस्सा, सगळं मायानं करायचं, राहीबाईंनी न्यायचं आणि कौतुक पदरात घालून परत यायचं. माया आत बसून जेवायची. तिला वाटायचं, आपण सासूला मदत करतोय, सासरे मात्र सासूच्या भाकरीवर दूध घेऊन उठतात.

"आई," केकचा डबा कुकरात ठेवून, झाकण लावून माया म्हणाली, "आज माझे अप्पा आणि भाऊ मल्हार येणार. पहिल्यांदाच येतायत. अप्पांच्या देखत आबा मला तसंच म्हणाले, तर मी पुन्हा या घरी सणाला येणार नाही. जयराजला सांगितलंय मी."

"त्यो काय म्हणला?"

"बरोबर आहे म्हणाला."

राहीबाईंनी ओट्याला हात टेकला. एकुलता एक पोरगा. सणाला यायचा नाही म्हणजे मग दिवाळी कुणाची? त्यांची आणि सुबेदाराची? दोघांनी समोरासमोर बसून चकल्या मोडायच्या?

"म्हणून ह्ये बिनसाखरेचं केलंयस व्हय?"

"खजुराचा गोडवा आहे तेवढाच. छोटा तुकडा. शुगर असलेल्या माणसालाही चालेल असा. आता त्यांच्याकडं काय कारण उरतंय ते बघू."

राहीबाईंनी मान हलवली. नवऱ्याला त्या ओळखून होत्या. कारणं संपणाऱ्यातला तो गडी नव्हता.

सगळ्यांत आधी आली गोदाक्का. हंबीररावांची थोरली बहीण, शिराळ्याला दिलेली. जीपमधून उतरल्या उतरल्या तिनं अंगणातूनच हाक मारली, "हंब्या! हाइस का मेलास?" सत्तरी गाठलेल्या सुबेदाराला हंब्या म्हणणारी पृथ्वीतलावर ती एकटीच उरली होती. या लग्नाला सगळ्यांत मोठा विरोध तिचाच. लग्नात ती जेवली, आहेर केला आणि जाताना मांडवाच्या दारात उभी राहून, 'मेंढरामागची पोर आपल्यात कशी नांदती बघूच' असं सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात बोलली होती.

स्वयंपाकघरात येऊन तिनं नाक वर केलं. "कसला वास ह्यो? चाकलेट?"

"पेस्ट्री केली आत्या," माया म्हणाली. डबा नुकताच बाहेर निघाला होता. कापून तिनं वर चक्का लावायला घेतला होता.

"मला काय उपेग? मला इन्शुलिन हाय. खरी शुगर हाय माजी." 'खरी' या शब्दावर तिनं बाहेरच्या खोलीकडं बघत जोर दिला. "किती वर्सं झाली, बिनसाखरेचा च्या पिऊन माणसात न्हाई राह्यले मी."

"तुम्हाला एक तुकडा चालेल, आत्या. एकच. दुपारी भात थोडा कमी घ्या."

गोदाक्कानं सुनेकडं संशयानं बघितलं, तुकड्याकडं बघितलं, दार लोटून घेतलं आणि तुकडा तोंडात टाकला. मग ती पाटावर बसली. डोळे मिटले. राहीबाईंना वाटलं, घशात अडकला.

"वन्सं?"

"गप बस राही. खाऊ दे."

डोळे उघडले तेव्हा तिनं हात पुढं केला. मायानं ताट मागं ओढलं. "एकच म्हणाले होते."

"आगं, माज्या पोटच्या पोरानं दिवाळीत माज्याफुडं डाळं ठिवलं, नुसतं डाळं! आणि तू…" गोदाक्कानं पदरानं तोंड पुसलं. "मेंढरामागची असून अक्कल हाय तुला."

माया हसली नाही, पण तिनं सुरीला लागलेला चक्का गोदाक्काच्या तळहातावर पुसला. शिराळ्याची आघाडी तिथंच फुटली.

मायाचे वडील सिद्धूअप्पा आणि मल्हार आले ते पिकअपमधून. मागं जतची डाळिंबं, दोन खोकी. अप्पांच्या डोक्याला लाल फेटा, पांढरंशुभ्र धोतर, आणि मल्हारच्या अंगावर मात्र कडक इस्त्रीचा शर्ट. हंबीरराव पुढं झाले, "या पाव्हणं," म्हणाले, हात जोडले, खुर्ची दिली. शिष्टाचारात कुठं खोट नव्हती. सिद्धूअप्पा खुर्चीच्या टोकावर बसले आणि पाऊसपाण्याचं बोलले. जतला टँकर कवा बंद झाले, इकडं ऊसतोड कवा लागणार. व्याही-व्याही असं बोलत होते, जसं एस.टी.च्या शेजारच्या बाकावर बसलेत.

गोदाक्कानं हंबीररावांना ओवाळलं. मायानं मल्हारला ओवाळलं. जयराज उगाच इकडून तिकडं पाट सरकवत होता. आणि मग माया आतून ताट घेऊन आली. काळे तुकडे, वर फिकट तपकिरी चक्का, त्यावर डाळिंबाचे दाणे. दिसायला झकास होतं. तिनं पहिली बशी सासऱ्यांपुढं धरली, बाकीच्या जयराजनं पाहुण्यांना दिल्या.

राहीबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या.

"मला शुगर हाय," हंबीरराव म्हणाले.

"यात साखर नावाला आहे, आबा. तुमच्यासाठीच केलंय. गोदाआत्यांनी पण खाल्लं."

"चाकलेटानं छाती जळजळती माजी."

"थोडंसंच आहे."

"अंडं असणार त्यात."

"नाही."

"सकाळी लय खाल्लंय."

"काय खाल्लंस रं हंब्या?" गोदाक्का म्हणाली. "मी आले तवा तू नुसता च्या पीत हुतास. दोन चमचं साखर घालून. बघितलंय मी."

हंबीररावांनी बहिणीकडं अशा नजरेनं बघितलं, जशी आपलीच तोफ आपल्यावर फिरावी. पण बशीला हात लावला नाही. माया तशीच उभी होती. मग तिनं ती बशी त्यांच्यापुढच्या स्टुलावर ठेवली.

सिद्धूअप्पांनी आपली बशी हळूच तिच्या शेजारी ठेवली.

"पाव्हणं, तुमी घ्या की," हंबीरराव म्हणाले.

"घरचा धनी खात न्हाई ते मी कसं खाऊ?" सिद्धूअप्पा शांतपणे म्हणाले. "माज्या लेकीनं त्यात काय घातलंय का काय, म्हणून मला बी आता शंका याय लागलीया."

मल्हारनं बशी ठेवली. जयराज उठून उभा राहिला. "आई," तो वडिलांकडं न बघता म्हणाला, "आम्ही निघतो. माया, बॅग भर."

बॅग भर! राहीबाईंच्या कानात तेवढंच घुमलं. त्यांनी चौकट सोडली आणि खोलीच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या. काय बोलणार आहोत हे त्यांना बोलेपर्यंत ठाऊक नव्हतं.

"आवं, कशाला नाटकं करताय? आखाडापास्नं तिच्याच हातचं खाताय तुमी!"

"काय?"

"आखाडातलं मटण कुणी केलं हुतं? मी? माज्या हाताला तसली चव असती तर ती आदी दिसली नसती व्हय? भरली वांगी तिची. पिठलं तिचं. गौरीच्या जेवणाला तीन येळा आमटी मागून घेतलीसा, ती बी तिचीच. मी नुसती वाडपी हाय वाडपी!"

हंबीररावांचं तोंड उघडं राहिलं. मग ते सुनेकडं वळले आणि उलटतपासणी घ्यावी तसं विचारू लागले.

"मटण तू केलतंस?"

"हो."

"वांगी?"

"हो."

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचा रस्सा?"

"हो, आबा."

"भाकरी?"

"भाकरी आईंच्या."

"तरीच जाड हुत्या," हंबीरराव म्हणाले, आणि आपण काय बोललो हे ध्यानात येऊन लालबुंद झाले. "राही! माज्याच घरात माजी फसवणूक?"

"फसवणूक म्हणा न्हाईतर आणि काय म्हणा. इतक्या वर्सांत माज्या कुटल्या कालवणाला चांगलं म्हणला हुता? परक्या पोरीच्या मटणावर का हुईना, माजं नाव घिऊन बोलला. मला ते सोडवंना."

शेवटी त्यांचा आवाज चिरकला. ते त्यांना मुळीच आवडलं नाही. हंबीरराव ताडकन उठले, चपला घातल्या आणि मागच्या दारानं गोठ्याकडं चालते झाले. थोडा वेळ थांबून सिद्धूअप्पाही फेटा सारखा करत त्याच वाटेनं गेले.

राहीबाई स्वयंपाकघरात आल्या. मागोमाग माया.

"आई, तुम्ही माझं मटण तुमच्या नावावर खपवलं?"

"व्हय."

"मी इथं आत बसून रडायचे. माझ्या हातचं कुणाला नको म्हणून. आणि बाहेर ते बोटं चाटत होते?"

"गोड लागायचं गं त्येचं बोलणं," राहीबाई म्हणाल्या. "दुसऱ्याचं हाय हे ठावं असूनबी."

मायानं ओट्यावर सांडलेली भुकटी पुसून घेतली. मग, लपून पेढे खाल्लेल्या पेशंटशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, "याचं आपण नंतर बघू." तिनं माफ केलं नव्हतं, ते राहीबाईंना कळलं. पण 'नंतर' म्हणाली होती. म्हणजे नंतर ती इथं असणार होती.

पाणी फेकायचं निमित्त करून राहीबाई मागच्या दारात गेल्या. गोठ्यापाशी दोघं पुरुष म्हशीकडं तोंड करून उभे होते. मधोमध म्हैस, तिला दोघांचंही काही पडलेलं नव्हतं.

"बघितलं का पाव्हणं," हंबीरराव म्हणत होते, "घरात बायकू असली, वर तुमची लेक तसली. माणसानं भरवसा कुणाचा धरायचा?"

"मटण चांगलं हुतं का?" सिद्धूअप्पांनी विचारलं.

"खोटं कशाला बोलू? लय भारी हुतं."

"कांदा भाजून घातलावता? आणि जरा तीळ?"

हंबीरराव त्यांच्याकडं वळले. "तुमास्नी कसं ठावं?"

"म्याच शिकिवलंय तिला. मेंढरं घिऊन मुलूखभर फिरायचं तवा गडीच रांधायचं आमी. तिच्या आईला बोकडाचं कालवण न्हाई जमायचं. तुमी पंक्तीत बसून जे खाल्लं न्हवं, सुबेदार, ते माजं कालवण. हात तेवढा पोरीचा."

हंबीरराव म्हशीच्या पाठीवर उगाच हात फिरवत राहिले. मग त्यांच्या खांद्यांना एक हिसका बसला. राहीबाईंना वाटलं, उचकी लागली. पण ते हसत होते. नाकातून, तोंड दाबून, शाळकरी पोरगं हसतं तसे.

"म्हंजे तुमच्या कालवणावर मी बायकूचं कौतुक करत हुतो?"

"करायचं की. पैसं पडत्यात का?" सिद्धूअप्पाही हसू लागले. "चला आत. पोरगी आतनं बघत आसंल. तिला लय लवकर रडू येतंय, पण दावत न्हाई ती."

राहीबाई रिकामं भांडं घेऊन घाईघाईनं आत पळाल्या.

दोघे परतले तेव्हा माया आणि राहीबाई पुन्हा बाहेरच्या खोलीत आल्या होत्या. बॅग आणायला कुणी गेलं नव्हतं. हंबीरराव आपल्या खुर्चीवर बसले, स्टुलावरची आपली बशी स्वतःच्या हातानं उचलली आणि एक घास घेतला. सगळं घर त्यांच्या जबड्याकडं बघत होतं. ते सावकाश चावत राहिले. गिळलं. मग आणखी एक घास घेतला, खात्री करून घेण्यासाठी.

"कडू हाय," ते म्हणाले.

त्यांनी बशीतला उरलेला तुकडा बोटानं उलटा करून बघितला.

"आणि कोरडं बी हाय. घशात बसतंय. मटण चांगलं करतीस तू. ह्ये न्हाई जमलं तुला."

जयराजनं डोळ्यांवर हात घेतला. पण राहीबाईंनी दुसरंच ऐकलं होतं. आतापर्यंत हा माणूस सुनेशी बोलायचा ते बाहेरच्या कुणाशी बोलावं तसं, भिंतीकडं बघत. आज सरळ तोंडावर नावं ठेवत होता, घरच्या माणसाला ठेवतात तशी.

"माया," सिद्धूअप्पाही आपला तुकडा चघळत म्हणाले, "खोटं न्हाई बोलत बाळा. मला बी न्हाई आवाडलं."

"अप्पा!"

"मला आवडलं," मल्हार म्हणाला, पण त्याची बशी जेमतेम उष्टी झाली होती.

"तुमच्या जिभा जळल्या मेल्यांनो," गोदाक्का कडाडली. "ज्येला नगं आसंल त्यानं इकडं द्या."

माया कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिचे डोळे भरले होते आणि ओठांच्या कडा मात्र वर चालल्या होत्या. तिनं सासऱ्यांच्या हातातली बशी काढून घेतली.

"कडू आहे ना? मग आता तुम्हीच करून दाखवा, आबा. मी बसते खुर्चीवर. मी नावं ठेवते."

सुबेदाराला कुणी उलटून बोलल्याचं या घराला माहीत नव्हतं, गोदाक्का सोडून. हंबीररावांनी सुनेकडं बघितलं. मग सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या.

"फौजेत शंभर माणसांचा लंगर बघितलाय मी," ते उठत म्हणाले. "कुठाय ती भुकटी? चला पाव्हणं, तुमी बी या. ज्वारीचं पीठ न्हाई चालायचं, पैलं तेच चुकलंय तिचं."

"आणि दूध घालाय पायजे," सिद्धूअप्पा मागोमाग निघाले. "दूध बी न्हाई दिसत त्यात."

आतून भांड्यांचा खडखडाट सुरू झाला. काहीतरी खाली पडलं. "राही!" हंबीररावांची हाक आली. "राही, चमचं कुठं असत्यात?"

एवढ्या वर्षांत नवरा स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडताना राहीबाईंनी पहिल्यांदाच बघितला. त्यांचे पाय सवयीनं हलले, एक पाऊल पुढंही पडलं. मग त्या मागं फिरल्या आणि टेकून बसल्या, नवऱ्याच्या खुर्चीत.

"हुडका," त्या मोठ्यानं म्हणाल्या, आणि मायासाठी शेजारची खुर्ची ओढली.